मुलांचे हिज्जे : चूक आधी वाचा, मग खोडा

(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या मेळाव्यात प्राथमिक वर्गांतील मुलांच्या लेखनाविषयी मी बोलावे, अशी सूचना मला करण्यात आली. विषय तसा लहान वाटतो. परंतु सहामाही परीक्षेनंतर जे पालक शाळेत भेटावयास येतात, त्यांची पहिली तक्रार बहुधा हीच असते. "सर, वाचायला बरा आहे, पण लिहिताना शब्दाशब्दाला चुकतो." कोणी म्हणतात, त्याचे लक्ष नाही. कोणी म्हणतात, त्याला मार कमी पडतो. हे सारे त्या मुलाच्या देखतच चाललेले असते आणि ते बिचारे खाली मान घालून उभे असते. त्या मुलाच्या वतीने आज चार शब्द बोलावेत, असे मी ठरविले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. लहान मुलाची लेखनातील चूक बहुतेक वेळा विचार करून केलेली असते. तो विचार आपल्याला वाचता आला, तर चूक सुधारता येते. तो न वाचता आपण नुसती लाल रेघ मारली, तर तीच चूक पुढल्या पानावर पुन्हा भेटते.

उदाहरणासाठी दुसरीतील मुलाच्या वहीत सहज सापडतील अशी चार वाक्ये घेऊ.

"अम्मी पानी भरते. मी शालेत जातो. अब्बा कुर्सीवर बस्ले. आमच्या दारात फुल आहे."

चार वाक्यांत पाच चुका. रागावण्यास एवढे पुरेसे आहे. पण थोडे थांबून पाहू. या पाच चुका पाच जागी असल्या तरी त्या एकाच कारणाने झालेल्या नाहीत.

प्रथम "पानी" आणि "शालेत" हे दोन शब्द घ्या. उर्दूत 'ण' नाही आणि 'ळ' ही नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, त्यांच्या मुलाने जन्मापासून "पानी" हाच शब्द ऐकलेला असतो. कोकणी बोलणाऱ्या घरांतही पुष्कळ ठिकाणी 'ण' चा 'न' होतो. मूल ऐकते तसे लिहिते. त्याने 'पा' बरोबर लिहिला, 'नी' ला वेलांटी बरोबर दिली. त्याच्या कानाने जे टिपले, ते त्याने इमानदारीने कागदावर उतरविले. मग दोष कोणाचा? कोणाचाच नाही. त्या मुलाला घरी एक बोली आणि शाळेत दुसरी भाषा सांभाळावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

येथे "पाणी" हा शब्द पन्नास वेळा लिहून घेऊन काम होत नाही. मूल पन्नास वेळा 'ण' काढील आणि दुसऱ्या दिवशी "लोनी" लिहील. त्याच्या कानाला फरक ऐकू आला पाहिजे. त्यासाठी जोड्या उपयोगी पडतात. काल आणि काळ. वेल आणि वेळ. बाल आणि बाळ. मन आणि मण. एका अक्षराने अर्थ बदलतो हे मुलाला गंमतीने कळले, की त्याचा कान आपोआप उभा राहतो. आईने नुसते विचारावे, "आत्ता मी वेल म्हणाले की वेळ?" पाच मिनिटांचा हा खेळ शिक्षेपेक्षा अधिक काम करतो.

आता "बस्ले" पाहा. आपण लिहितो "बसले", पण बोलताना 'स' मधला 'अ' आपण सगळेच गिळून टाकतो. खात्री नसेल तर हा शब्द सावकाश म्हणून पाहा. "करतो", "बसले", "आपला" हे शब्द आपण लिहितो तसे उच्चारीत नाही. मराठी ही बोलतो तशी लिहिली जाते, असे आपण अभिमानाने सांगतो. ते इंग्रजीच्या मानाने खरे आहे, परंतु पूर्ण खरे नाही. "बस्ले" लिहिणाऱ्या मुलाने आपल्यापेक्षा बारकाईने ऐकले आहे. त्याला एवढेच दाखवावे लागते की मूळ शब्द "बस" आहे आणि बसतो, बसले, बसणार या सगळ्यांत तो अखंड राहतो.

मुले कानाने लिहितात ही गोष्ट इतर देशांतही दिसून आली आहे. अमेरिकेत चार्ल्स रीड या अभ्यासकाने १९७१ साली, शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलांनी स्वतःच्या मनाने लिहिलेल्या इंग्रजी शब्दांविषयी निबंध प्रसिद्ध केला. "ट्रक" सारख्या शब्दाच्या आरंभी कित्येक मुलांनी 'टी' ऐवजी 'सीएच' लिहिले होते. मोठ्यांना ते हास्यास्पद वाटेल. पण इंग्रजीतला 'ट्र' उच्चारताना जीभ खरोखरच 'च' च्या जवळ जाते. मुलांनी ते ऐकले होते. मोठ्यांना आता ते ऐकू येत नाही, कारण आपण शब्द डोळ्यांनी पाहावयास शिकलो आहोत.

तिसरी चूक "कुर्सी". ही तर चूकही म्हणवत नाही. कुर्सी हा शब्द अरबी आणि उर्दूत आहे. मराठीत येताना तो "खुर्ची" झाला. तसेच हिसाबचा "हिशेब" झाला, दफ्तरचे "दप्तर" झाले, कागजचा "कागद" झाला. मुलगी सासरी गेली की तिथल्या रीतीने राहते, त्याप्रमाणे शब्दाने घर बदलले की त्याचे हिज्जेही बदलतात. मुलाला "हे चूक" असे न सांगता "उर्दूत कुर्सी, मराठीत खुर्ची" असे सांगा. त्याला एका ऐवजी दोन शब्द मिळतील, आणि आपल्या घरची भाषा चुकीची आहे असा गैरसमज त्याच्या मनात बसणार नाही. हा गैरसमज लहानपणी बसला, तर मूल वर्गात तोंड उघडीत नाही.

शेवटची चूक "फुल". येथे कानाचा उपयोग नाही. आजच्या बोलण्यात इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद आपण असा पाळीत नाही की तो मुलाला ऐकूनच समजावा. म्हणून "नीट ऐक, मग लिही" हा उपदेश येथे कामाचा नाही. मुलाने पुस्तकात "फुले" वाचलेले असते, "फुलांचा हार" वाचलेले असते. त्यावरून त्याने "फुल" केले. त्याचा तर्क बिनचूक होता. नियम मात्र त्याला कोणी सांगितला नव्हता.

तो नियम अवघड नाही. मराठी शब्दाच्या शेवटी काना-मात्रा नसलेले साधे अक्षर असेल, तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो. फूल, दूध, माणूस, बहीण, गरीब. पुढे प्रत्यय लागून त्या शेवटच्या अक्षराला काना, वेलांटी किंवा मात्रा आली, की आधीचा दीर्घ ऱ्हस्व होतो. फुलाला, दुधात, बहिणीचा, गरिबांना. वर्गात आम्ही मुलांना असे सांगतो की फूल एकटे असले की पाय पसरून बसते. मागून पाहुणा आला की पाय आखडून घेते. हे एकदा समजले की मुले स्वतःच शब्द शोधून आणतात. "सर, चूल आणि चुलीत! सर, पाटील आणि पाटलाचा, येथे तर वेलांटी पळूनच गेली!" संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळीत नाहीत. सुख, गुण, विष यांतले स्वर ऱ्हस्वच असतात आणि "शरीराला" मधला 'री' दीर्घच राहतो. पण ते पुढच्या इयत्तांचे काम. दुसरी-तिसरीच्या मुलाला पहिला नियम पक्का आला तरी पुष्कळ झाले.

येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. हे नियम माणसांनी एकत्र बसून ठरविलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. आपल्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी पत्रे किंवा जमिनीचे कागद असतील, तर त्यांत "नांव", "घरांत" असे अनुस्वार दिसतील. उच्चारात नसलेले ते अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. आजोबा अशुद्ध लिहीत होते काय? मुळीच नाही. त्या काळची रीत ती होती. म्हणून शुद्धलेखन हा रस्त्यावरच्या वाहतुकीच्या नियमासारखा समजावा. तो सर्वांनी पाळला तर एकमेकांचे लिहिलेले अडखळल्यावाचून वाचता येते. तो शिकलाच पाहिजे. परंतु तो न येणे हा मुलाच्या अकलेचा वा चारित्र्याचा दोष नव्हे.

कानाच्या आणि नियमांच्या चुका आपण पाहिल्या. हाताच्या चुका निराळ्या असतात. "किती" म्हणताना आधी 'क' ऐकू येतो, पण लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी काढावी लागते. "धर्म" मध्ये 'र' 'म' च्या आधी येतो आणि लिहिताना तो 'म' च्या डोक्यावर जाऊन बसतो. कित्येक मुले "र्धम" लिहितात. 'र' तर बहुरूपी आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. 'र' चे रूप बदलले की कोकणच्या एका टोकाहून माणूस दुसऱ्या टोकाला जातो! शिवाय आपली मुले सकाळी डावीकडून उजवीकडे मराठी लिहितात, संध्याकाळी मदरशात उजवीकडून डावीकडे अरबी वाचतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजीही आहे. सहा वर्षांचे मूल तीन लिप्या एका वेळी सांभाळते. त्याला थोडा वेळ दिला, तर आपले काय जाते?

या तीन लिप्यांचे ओझे वाटते तसे एक सामर्थ्यही आहे, आणि ते आपल्या घरांत आयते उपलब्ध आहे. उर्दूत 'ज' सारख्या एकाच आवाजासाठी जाल, जे, ज्वाद आणि जोय अशी चार अक्षरे आहेत. ऐकून कोणते लिहावे हे कळत नाही. मग उर्दू जाणणारे कसे लिहितात? ते शब्दाचे मूळ ओळखतात. इल्म, आलिम, मालूम, तालीम, मुअल्लिम. या सर्व शब्दांत ऐन, लाम आणि मीम ही तीन अक्षरे आहेत, कारण ते सर्व एकाच कुटुंबातले आहेत. इल्म 'ऐन' ने लिहितात हे ज्याला माहीत आहे, तो तालीम लिहिताना ऐन विसरणार नाही. मराठीतही असेच आहे. शिक्षण, शिक्षक, शिक्षिका यांत 'शि' ऱ्हस्वच. विद्या, विद्यार्थी, विद्यालय यांत 'द्य' तोच. इंग्रजीतही "साइन" या शब्दातले 'जी' हे अक्षर ऐकू येत नाही, परंतु "सिग्नल" आणि "सिग्नेचर" मध्ये ते स्पष्ट ऐकू येते. शब्दांची कुटुंबे ओळखण्याची ही सवय एका भाषेत लागली की दुसरीतही चालते. ज्या आई-वडिलांना मराठी कमी येते पण उर्दू चांगली येते, त्यांनी स्वतःला निरुपयोगी समजू नये. त्यांनी मुलाला इल्म आणि तालीम यांचे नाते समजावून द्यावे. मराठीचे आम्ही पाहून घेऊ.

आता घरी काय करावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट वाचनाची. डेव्हिड शेअर या मानसशास्त्रज्ञाने १९९५ साली असा विचार मांडला, की मूल अनोळखी शब्द अक्षरे जुळवून स्वतः वाचते, तेव्हा त्या शब्दाचे रूप त्याच्या मनात ठसते. म्हणजे मूल स्वतःच स्वतःचे शिक्षक होते. आपण घाईने शब्द सांगून टाकला, तर ही संधी जाते. मदरशात मूल जेर-जबर-पेश लावून, हिज्जे करीत करीत एकेक शब्द उकलते. तेथे आपण धीर धरतो. तोच धीर मराठी वाचताना धरावा. वाचावयास काय द्यावे? बालभारतीचे "किशोर" मासिक १९७१ पासून निघत आहे. वर्तमानपत्राचे मथळे आहेत, एस.टी.च्या पाट्या आहेत, दुकानांचे फलक आहेत. पैसा लागतो असे नाही, रोजची पंधरा मिनिटे मात्र लागतात.

दुसरी गोष्ट, मुलाला खरे लिहू द्यावे. किराण्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. मामाला चार ओळींचा निरोप लिहू द्या. लिहून आणले की आधी मजकूर वाचा, त्यावर बोला. "अब्बा खुर्चीवर बसून काय करीत होते?" असे विचारा. त्यानंतर एकाच प्रकारची चूक निवडा. पाच चुका एका दिवशी दाखविल्या तर मूल एकही शिकत नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ते फक्त खात्रीचे शब्द लिहू लागते. त्याचे निबंध तीन ओळींचे होतात. चुका कमी झाल्या म्हणून आपण खूश होतो, पण प्रत्यक्षात मुलाने लिहिणेच सोडलेले असते. ही हानी दहावीपर्यंत भरून येत नाही.

तिसरी गोष्ट सरावाची. रोज पाच शब्द पुरेत. शब्द पाहा, मोठ्याने म्हणा, झाका, आठवून लिहा, मग उघडून ताडून पाहा. दहा वेळा नक्कल करताना मूल वरची ओळ पाहून खालची काढते आणि मन खेळाच्या मैदानात असते. झाकून लिहिताना मनालाच काम करावे लागते. शिवाय चूक त्याची त्यालाच सापडते. स्वतः शोधलेली चूक सहसा परत होत नाही.

काही थोडी मुले असे सर्व करूनही अक्षरांशी झगडतच राहतात. बोलण्यात हुशार, हिशेबात चलाख, पण लेखन-वाचनात वर्षानुवर्षे मागे. अशा मुलाला आळशी म्हणू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झालेला आहे. तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. लपविण्यासारखे त्यात काही नाही.

आता शेवटचा मुद्दा. तो प्रत्येक घराशी निगडित आहे. मूल जो शब्द बहुधा सर्वांत आधी लिहावयास शिकते, तो त्याचे स्वतःचे नाव. आणि आपल्या समाजात सर्वांत जास्त घोटाळा नेमका याच शब्दात असतो. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, महम्मद. आयशा, आयेशा. फातिमा, फातेमा. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या रजिस्टरात दुसरे, आधार कार्डावर तिसरे, आणि इंग्रजीत आणखी निराळे. पहिलीत नाव घालताना आपण तोंडी सांगतो आणि लिहिणारा त्याच्या कानाला येईल तसे लिहितो. म्हणजे तोही आपल्या दुसरीतल्या मुलासारखा कानानेच लिहितो! पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज, पासपोर्ट, परदेशातली नोकरी, प्रत्येक ठिकाणी ते एक अक्षर आडवे येते. प्रतिज्ञापत्रे करावी लागतात, हेलपाटे घालावे लागतात. ज्या घरात मुलाला एका वेलांटीसाठी मार बसतो, त्याच घरात मुलाच्या नावाचे हिज्जे ठरलेले नसतात, हे योग्य आहे काय?

म्हणून माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलाचे, वडिलांचे आणि आडनावाचे हिज्जे मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत एका कागदावर लिहून काढावेत. जन्मदाखल्याशी ते ताडून पाहावेत. फरक असेल, तर मूल शाळेत शिकत आहे तोवरच शाळेस कळवून दुरुस्ती करून घ्यावी. आणि तो कागद मुलाच्या हाती द्यावा. आपले नाव आपल्याला तिन्ही लिप्यांत बरोबर लिहिता येते, याचा अभिमान त्याला पुढच्या शंभर शब्दांसाठी पुरेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगतो. शब्द अडला म्हणून वाक्य सोडू नका. "चुकेल" या भीतीने सोपा शब्द घेऊ नका. मनात आहे तोच शब्द लिहा, त्याच्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी सरांना किंवा बाईंना विचारा. विचारणारा विद्यार्थी कधी लहान होत नाही.

पालकहो, वहीतली चूक खोडावयास एक क्षण लागतो आणि वाचावयास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आपण आपल्या मुलाला द्यावीत, एवढीच प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.